लॅपटॉपात नुक्स नव्हता

आधीच सांगतो, हे रचलेलं नाही. माझ्या घरात घडलंय, माझ्यासोबत घडलंय. पटलं तर वाचा, नाही तर पुढं सरका. हातापाया पडून कुणाला पटवायची माझी सवय नाही.

मागच्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. दिवेलागणीची वेळ. औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांमागं एक गल्ली आहे, तिथलं एक घर, दुसरा मजला.

गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं एक आई राहते. ती अजून रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून पोरीची वाट बघते.

आणि तिला वाट बघायला लावलं ते मीच.

माझं नाव कृष्णा. गाव गंगापूरकडचं, राहायला गारखेड्यात. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर पार्ट हातात घ्यायचा आणि त्यातला नुक्स, म्हणजे दोष, काढायचा. ही खोड घरी पण येते. संध्या, माझी बायको, म्हणते, तुम्ही प्रसादाच्या शिऱ्यात पण खडा शोधता. शोधतो. दात माझे आहेत.

त्यामुळं सोयऱ्याधायऱ्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असो की जुना फ्रीज, मला धरून नेतात. आजवर मला कुणी गंडवलेलं नाही. ह्या लॅपटॉपातपण नाही गंडवलं, ते शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

सायली माझ्या बहिणीची पोरगी. गंगापूरहून आमच्याकडं राहायला आली होती. तिला घरून करायचं काम मिळालं होतं, पण अट अशी की लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. सोमवारपासून ट्रेनिंग होतं. नवा घेणं झेपणारं नव्हतं. मग कुठल्याशा बायकांच्या ग्रुपवर तिला एक जाहिरात दिसली. लॅपटॉप विकणं आहे, पण कामाला लागणाऱ्या मुलीलाच देणार, असं लिहिलेलं.

निघताना संध्यानं हाक मारली. तिच्या गुरुवारांचं उद्यापन होतं त्या दिवशी. सवाष्णी आणि कुमारिका जेवायला सांगितल्या होत्या, त्यातली शेजारची एक पोरगी ऐन वेळी गावाला निघून गेली. एक पान रिकामं राहतंय म्हणाली. कुणी पोर दिसली तर बोलवून आणा.

मी हो म्हणालो, सायलीला मागं बसवलं आणि स्कूटरला किक मारली.

दार उघडलं त्या बाई पन्नाशीच्या. सुती साडी, चष्मा. शाळेत शिक्षिका आहेत म्हणाल्या, म्हणून मी त्यांना मॅडमच म्हणायला लागलो. खिडकीशी टेबल होतं, त्यावर लॅपटॉप, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. सायली आणि मी भिंतीकडं पाठ करून बसलो आणि मी कामाला लागलो.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी झाकण हळूहळू उघडायचं, बिजागरी कुरकुरते का बघायचं. खालचे स्क्रू कुणी खोललेत का बघायचं. स्क्रीन पांढरी करायची, मग काळी करायची, डाग दिसतो. एकेक बटण दाबायचं. चार्जर काढून ठेवायचा आणि गप्पा मारत बसायचं, बॅटरी किती दमाची आहे ते आपोआप कळतं.

सगळं नीट होतं. इतकं नीट की मलाच चैन पडेना.

मॅडमनी चहा आणला. आम्हाला दिला, स्वतः घेतला. आणि एक कप घेऊन आतल्या खोलीच्या पडद्याआड ठेवून आल्या...

मी म्हटलं, आत कुणी असेल. पोरगी असेल, पाहुण्यांसमोर येत नसेल.

शेवटी राहिला माइक. मी पंखा बंद करायला सांगितला, सगळ्यांना गप्प केलं आणि बोललो, "हॅलो, मी कृष्णा बोलतोय, गारखेड्यावरून." थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. खोलीत चिटपाखरू हललं नाही. सायलीनं तर श्वास धरला होता.

मग लावून ऐकलं.

आधी माझा आवाज. खणखणीत.

नंतर शांतता...

आणि मग चपला. घरात घालायच्या रबरी चपला, फरशीवर घासत जाणाऱ्या.

त्यामागं गुणगुणणं. एका पोरीचं. भांडी लावताना बायका गुणगुणतात तसं, बारीक.

मी खूश झालो! खोटं कशाला सांगू. मला कानानं ऐकू आलं नाही ते पडद्याआडचं माइकनं धरलं. मी सायलीला म्हणालोसुद्धा, माइक एक नंबर आहे.

मॅडम मात्र खुर्चीवरून उठल्या होत्या.

"परत लावता?"

परत लावलं. त्या वाकून, लॅपटॉपाला कान लावून ऐकत होत्या. परत लावा म्हणाल्या. परत लावलं. मला वाटलं, बाईंना कमी ऐकू येत असेल.

"भाऊ, तुम्हालापण येतंय ऐकायला?"

"येतंय की," मी म्हणालो. "एकदम साफ."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. डोळे भरलेले होते, पण मी ते चष्म्याच्या काचेवर ढकललं. आणि सवयीनं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दुसऱ्याच्या वस्तूत आपली घाण ठेवायची नाही, हा माझा नियम आहे. त्यांचा हात माझ्या हाताकडं आला होता. पोचेपर्यंत पुसून झालं होतं.

त्यांनी हात मागं घेतला.

व्यवहार झाला. निघताना मला संध्याचं रिकामं पान आठवलं. मग आपली रीत असते तशी मी मॅडमना म्हणालो, या आमच्याकडं. आणि पडद्याकडं तोंड करून जरा मोठ्यानं बोललो, "ताई, तुम्हीपण चला. आज उद्यापन आहे आमच्याकडं. तुमच्या नावाचं पान वाढून ठेवलंय."

पडदा हलला.

पंखा अजून बंदच होता.

"सोडून देईन मी परत, काळजी करू नका," असं मॅडमना सांगितलं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आतून कुणी आलं नाही. लाजत असेल म्हणून मी पण जास्त ताणलं नाही.

खाली आलो. सायली मागं बसली, मांडीवर लॅपटॉपची बॅग. आणि स्कूटर निघता निघेना. मागचं चाक दबल्यासारखं, हँडल हलकं. पैठण गेटला थांबून हवा बघितली.

हवा बरोबर होती.

क्रांती चौकाचा सिग्नल लागला. ही गर्दी. शेजारी एक रिक्षा येऊन उभी राहिली. रिक्षावाले चाचा बाहेर वाकून मला म्हणाले, "भाई, दीदी का दुपट्टा संभालो. चक्के में जाएगा."

आपल्याकडं हे रोजचं आहे. कुणाची ओढणी लोंबायला लागली की अनोळखी माणूस पण ओरडून सांगतो. मी सायलीला म्हणालो, ओढणी घे वर.

ती म्हणाली, "मामा, मी ओढणी घेतलीच नाय."

जीन्स आणि स्वेटर घातला होता तिनं.

चाचांनी मान हलवली.

"तुम्हारा नहीं बेटा... पीछेवाली का."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले. मी गाडी काढली. सायलीनं माझ्या शर्टाला मागून जी मूठ आवळली, ती गारखेड्यापर्यंत सोडली नाही.  मी मनात चाचांना शिव्या घालत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

दारात संध्या उभी होती. आमच्याकडं बघितलं, आमच्या मागं बघितलं आणि हसून म्हणाली, "या, या."

"कुणाला म्हणतेस?" मी विचारलं.

ती गोंधळली. कुणीतरी आहे असं वाटलं, म्हणाली.

बायका जेवल्या, पोरी जेवल्या. रिकामं पान होतं तिथं पाट मांडलेला होता, ताट वाढलेलं होतं. कुणी बसलं नाही. सगळं आवरून झाल्यावर संध्यानं तो पाट उचलला आणि तशीच थांबली.

पाट माझ्या हातात दिला.

गरम होता... आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा.

मार्गशीर्षातली थंडी, खाली फरशी बर्फागत, आणि पाट गरम.

सोमवारी सायलीचं ट्रेनिंग सुरू झालं. लॅपटॉप मख्खन चालत होता. पण घर बदललं. दुपारी संध्या स्वयंपाकघरात असली की हॉलमधून चपला घासत गेल्याचा आवाज यायचा. संध्याकाळी मी अंघोळीला गेलो की बाहेर गुणगुणणं. बाहेर यावं तर सगळं गप्प. सायलीला वाटायचं मामी फिरतेय, मामीला वाटायचं सायली गुणगुणतेय. दोघींनी एकमेकींना विचारलं त्या दिवसापासून दोघी एकाच खोलीत झोपायला लागल्या.

बरं, ती काही त्रास देत नव्हती हो. भांडं पाडलं नाही, दार आपटलं नाही. नवीन सून घरात वावरते तशी भीतभीत वावरायची. त्याचीच जास्त भीती वाटायची.

संध्या म्हणाली, तो लॅपटॉप परत करा. आधी त्याला घराबाहेर काढा.

आता नुक्स शोधायची आमची एक रीत आहे. मशीन आवाज करायला लागली तर एकेक पार्ट बाजूला काढायचा आणि आवाज थांबतो का बघायचं. ज्यानं थांबला, त्यात नुक्स. मी लॅपटॉप कंपनीत नेला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. म्हटलं, आता बघू.

संध्याकाळी घरी आलो. तिघं हॉलमध्ये बसलो. टीव्ही बंद.

बराच वेळ काही नाही. संध्या जरा सैल झाली, उठून चहा टाकायला निघाली.

आणि आतल्या खोलीतून...

चपला.

मग गुणगुणणं.

लॅपटॉप वाळूजला कुलपात. आवाज इथं, माझ्या घरात. मी उभ्या आयुष्यात इतका घाबरलो नाही. लॅपटॉपात नुक्स नव्हताच. मग कशात होता?

त्याच वेळी माझा फोन वाजला. मॅडम होत्या.  म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? हसणार नाही ना?"

"विचारा मॅडम."

"प्रेरणा तुमच्याकडं आलीय का?"

मी आतल्या खोलीकडं बघितलं. गुणगुणणं थांबलं होतं. आत कुणीतरी फोनवरचं बोलणं ऐकत असावं, असं थांबलं होतं.

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिकडं त्या रडायला लागल्या. रडत रडतच सगळं सांगितलं. प्रेरणा त्यांची एकुलती एक, लॅपटॉप तिचाच. मे महिन्यात मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसून चालली होती. क्रांती चौकाच्या अलीकडं ओढणी मागच्या चाकात गेली. लोक ओरडत होते म्हणे, ओढणी, ओढणी. गर्दीत पोरींना ऐकायला आलं नाही. तिचा हार घातलेला फोटो त्याच भिंतीवर होता, जिच्याकडं मी पाठ करून बसलो होतो. मी स्क्रूसुद्धा तपासले आणि भिंत बघितली नाही!

"आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, भाऊ. असलं काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "मी वर्गात पोरांना शिकवते, भूत नसतं. पण ती घरात होती. चपला वाजायच्या. तेवढ्यावर माझे दिवस निघत होते. मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. तुम्ही ऐकू येतंय म्हणालात, तिला ताई म्हणालात. मला इतकं बरं वाटलं की मी गप्पच राहिले. आणि तुम्ही तिला घेऊन गेलात."

"घर लई शांत झालंय," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. लोक घरातून अशी गोष्ट जावी म्हणून उपास करतात. आणि मी एका आईच्या घरातून तिची पोर उठवून आणली होती, नुसत्या तोंडदेखल्या आगतस्वागतानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम रिक्षानं आमच्या घरी आल्या. संध्यानं त्यांना हात धरून आत नेलं. त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. खोलीत कुणी नव्हतं. पलंग, कपाट, सायलीची पुस्तकं.

"परे," त्या म्हणाल्या, "चल बाळा. भाजी टाकायचीय."

एवढंच. शाळेतनं पोर घ्यायला आल्यासारखं.

चपला वाजल्या... खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून दाराकडं. माझ्या शेजारून गेल्या. सायलीनं संध्याचा दंड धरला. जिन्यावर आवाज उतरत गेला, त्यामागं मॅडम उतरल्या. रिक्षात बसताना त्या एका कडेला सरकून बसल्या, शेजारी जागा ठेवून.

मी गॅलरीतून हात जोडले. सुटलो असं वाटलं. आमच्या घरात त्या संध्याकाळी कुठलाही आवाज झाला नाही.

दिवे लागायच्या सुमारास फोन आला.

"नाही आली हो," मॅडम म्हणाल्या. "क्रांती चौकापर्यंत होती. शेजारी ऊब लागत होती मला. सिग्नलला रिक्षा थांबली, आणि गेली ऊब. मी उतरून हाका मारल्या. लोक बघत होते माझ्याकडं."

आमच्याकडं नाही. त्यांच्याकडं नाही. जिथं गेली, तिथंच परत उतरली पोर.

 मीच तर म्हणालो होतो, सोडून देईन परत.

सायलीचं काम आता नीट चाललंय. लॅपटॉपला आजवर काही झालेलं नाही. घरातही काही नाही. संध्या म्हणते, विसरा आता.

पण परवा मी वाळूजहून एकटाच येत होतो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो. शेजारी एक बाई स्कूटीवर होती, मागं भाजीची पिशवी. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "ताईंची ओढणी खाली आलीय. चाकात जाईल."

 मागं वळायची हिंमत झाली नाही. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले, शिव्या घालत बाजूनं निघून गेले. मी स्टँड लावलं आणि उतरलो. चाकाशी वाकलो, आणि तिथं काहीच नसताना काहीतरी उचलून सीटवर ठेवल्यासारखं केलं. हात सीटला लागला.

सीट गरम होती... तेवढीच मागची अर्धी.

मी घरी गेलो नाही. गाडी औरंगपुऱ्याकडं वळवली. मॅडम गॅलरीत उभ्याच होत्या. मी खाली गाडी थांबवली आणि हळू म्हणालो, "ताई, उतरा. घर आलं."

थोडा वेळ थांबलो. मॅडम आत गेल्या. घरभर बघून आल्या असतील. परत कठड्याशी येऊन त्यांनी माझ्याकडं बघत मान हलवली. नाही.

कालही तेच झालं. आजही मी जाणार आहे. ती उतरत का नाही, मला माहीत नाही. आईच्या हाकेवर निघालेली पोर आईच्याच दारात का उतरत नाही? मी बोलावलं म्हणून आता माझ्याशीच बांधली गेलीय का? कुणाला कळत असेल तर सांगा, मला खरंच कळत नाही.

एवढं मात्र खरं, की काल परत येताना गाडी तशीच जड होती. क्रांती चौक यायच्या आधीच मी वेग कमी केला आणि मागं न बघता म्हणालो...

ताई, ओढणी नीट घ्या.